गोव्यातील कचरा-जागांना भूजल-परिस्थिती नेमून देताना

प्रश्न असा आहे. गोव्यातील कचरा टाकण्याच्या जुन्या-नव्या जागांची यादी हाती आहे. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी बोअरची नोंद नाही आणि पंप-चाचणीही झालेली नाही. कचऱ्यातून पाझरणारे पाणी, म्हणजे लीचेट, आसपासच्या विहिरींपर्यंत किती प्रमाणात पोचेल याचा अंदाज मॉडेलने काढायचा आहे, आणि त्यासाठी प्रत्येक जागेला एक भूजल-परिस्थिती नेमून द्यायची आहे. प्रश्नकर्त्यांनी योजलेला मार्ग असा: भूशास्त्रीय नकाशावर जागेचा बिंदू ठेवायचा, तो ज्या खडकावर पडेल त्या खडकाची ठरावीक मूल्ये घ्यायची, आणि शंका असेल तिथे राज्याची सरासरी वापरायची. माझ्या मते यातला पहिला भाग गोव्यात बऱ्याच जागी चुकेल आणि दुसरा त्याहून अधिक. भूजल-परिस्थिती म्हणजे कचऱ्याच्या तळापासून विहिरीपर्यंत पाणी ज्या वाटेने जाते ती वाट. नकाशावरचा खडक हा त्या वाटेचा फार तर एक भाग असतो, आणि गोव्यात पुष्कळदा तेवढाही नसतो.

ही पद्धत आली कुठून ते आधी पाहिले पाहिजे, कारण तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिच्या उगमातच आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने देशभरातील हजारो कचरा-जागांचा धोका एकत्रितपणे अजमावण्यासाठी ईपीएसीएमटीपी नावाचे मॉडेल वापरले. इतक्या जागांवर प्रत्यक्ष मोजणी होणे अशक्यच होते. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने जमवलेल्या, सुमारे ४०० जागांच्या भूजल-माहितीसंग्रहाचा आधार घेण्यात आला. त्या संग्रहात प्रत्येक जागेसाठी चार मूल्ये होती: भूजलपातळीची खोली, जलधराची (पाणी साठवून वाहू देणाऱ्या थराची) संपृक्त, म्हणजे पाण्याने भरलेली, जाडी, भूजलाचा उतार आणि जलवाहकता, म्हणजे त्या थरातून पाणी किती सहज वाहते याचे माप. या जागांची विभागणी रूपांतरित व अग्निजन्य खडक, थरांचे गाळखडक, नदीखोरी, किनारी वाळू, विरघळणारा चुनखडक अशा बारा परिस्थितींत करण्यात आली, आणि ज्यांचे वर्गीकरण जमत नाही त्यांच्यासाठी तेरावा गट ठेवण्यात आला. ज्या कचरा-जागेला जी परिस्थिती नेमली, त्या गटातून मॉडेल पुन्हा पुन्हा मूल्ये उचलते आणि निकालाचा एक विस्तार तयार करते.

यात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे चारही मूल्ये एका संचाने उचलली जातात. जलवाहकता एका जागेची, उतार दुसरीचा आणि जाडी तिसरीची असे केले जात नाही. निसर्गात ही मूल्ये एकमेकांना बांधलेली असतात. जिथून पाणी सहज वाहते तिथे भूजलाचा उतार मंद राहतो, आणि जिथे वाट अरुंद असते तिथे पाणी साचून उतार वाढतो. ही बांधणी तोडली की कागदावर असा जलधर तयार होतो की जो जमिनीत कुठेच सापडणार नाही. याचे आकडे पुढे देतो.

न घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ते तेरा गट. त्यांत जांभ्याला घर नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळासाठी त्या यादीत एकाहून अधिक गट आहेत, कारण उत्तर अमेरिकेत त्याची गरज आहे. आपल्याला त्यांचा काही उपयोग नाही. उलट गोव्याचा बराचसा भाग ज्या जांभ्याने झाकलेला आहे, त्याची जागा नकाशा पाहून ठरवायला गेलो तर ती ‘रूपांतरित व अग्निजन्य’ या गटात जाते, कारण खालचा मूळ खडक धारवाड काळातील फिलाइट, शिस्ट, क्वार्टझाइट आणि रूपांतरित ज्वालामुखी खडकांचा आहे. त्या गटाची मूल्ये भेगांतून वाहणाऱ्या पाण्याची आहेत. आपल्या सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचे, पाणी मात्र त्या खडकापर्यंत पोचण्याआधीच वरच्या जांभ्यातून आडवे निघून गेलेले असते.

सड्याची परिस्थिती मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण वस्तीपासून दूर, उंच आणि ओसाड दिसणारी जमीन म्हणून कचऱ्यासाठी गोव्यात प्रथम सडाच निवडला जातो. साळगाव-कळंगुटच्या सीमेवरचा राज्याचा कचरा-प्रक्रिया प्रकल्प सड्यावर आहे, आणि मडगावचा सोनसोडोही जांभ्याच्या उंचवट्यावरच आहे. अशा ठिकाणी वरून खाली साधारण असा क्रम असतो. सर्वांत वर कठीण कवच, ज्यातून चिरे काढतात. त्याखाली सच्छिद्र, नळ्यानळ्यांचा मऊ जांभा. त्याखाली लिथोमार्ज, म्हणजे मूळ खडक जागच्या जागी कुजून झालेली पांढरट, गुलाबी किंवा पिवळसर चिकणमाती. आणि मग भेगा पडलेला मूळ खडक. जांभ्याची एकूण जाडी काही मीटरांपासून वीस-पंचवीस मीटरांपर्यंत बदलते, आणि एकाच सड्यावर दोन विहिरींत ती वेगळी सापडते.

जांभा आतून वाळवीच्या वारुळासारखा पोकळ्यांनी भरलेला असतो. लिथोमार्जमधून मात्र पाणी अत्यंत सावकाश उतरते. त्यामुळे पावसाळ्यात जांभ्यात मुरलेले पाणी लिथोमार्जच्या माथ्यावर अडते, तिथून सड्याच्या कडेकडे सरकते आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. केसरवाळची झर किंवा साळगावची झर यांचे गणित असेच आहे. म्हणजे सड्यावरच्या कचरा-जागेसाठी पहिला जलधर जांभा आहे, त्याचा तळ लिथोमार्ज आहे, आणि पाणी घेणारी पहिली जागा पुष्कळदा विहीर नसून झर असते. मॉडेलमध्ये फक्त विहिरी घातल्या आणि झरी घातल्या नाहीत तर धोका कमी दिसेल. झरीखालचे पाणी पुढे शेतात, तळ्यात किंवा ओहोळात जाते, हेही विसरता कामा नये.

या परिस्थितीत तीन गोष्टी हटकून चुकतात. पहिली, भूजलपातळीची खोली. जांभ्यातील विहिरींची पातळी पावसाळा आणि उन्हाळा यांत कित्येक मीटरांनी खालीवर होते. सड्यावरच्या उथळ विहिरी मार्च-एप्रिलपर्यंत कोरड्याही पडतात. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. या चारांची सरासरी काढून ती मॉडेलला देणे ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत दिशाभूल करणारी गोष्ट आहे. लीचेट तयार होते ते जून ते सप्टेंबर या काळात, आणि नेमके त्याच काळात पाणी सर्वांत वर आलेले असते. वर्षभराच्या सरासरीत दिसणारा सात-आठ मीटरांचा असंपृक्त पट्टा, म्हणजे भूजलपातळीच्या वरचा पाण्याने न भरलेला थर, जुलै-ऑगस्टमध्ये दीड-दोन मीटरांवर येऊ शकतो, आणि मॉडेल ज्या गाळण-क्षमतेवर भरवसा ठेवते ती त्या महिन्यांत उरलेलीच नसते. म्हणून जांभ्यासाठी मी ऑगस्टची पातळी ‘खोली’ म्हणून घेतो आणि मेची पातळी केवळ संपृक्त जाडीचे खालचे टोक तपासण्यासाठी वापरतो.

दुसरी गोष्ट, खोली कुठून मोजायची. गोव्यात कितीतरी ठिकाणी कचरा सोडून दिलेल्या चिरेखाणीत पडलेला आहे. खाणीत कठीण कवच आधीच काढलेले असते आणि तळ सड्याच्या पृष्ठापासून बराच खाली गेलेला असतो. उंचीचा नकाशा आणि जवळच्या विहिरीची नोंद घेऊन ‘जमिनीपासून नऊ मीटर’ असे लिहिले, आणि प्रत्यक्षात कचरा पाच मीटर खोल खाणीच्या तळाशी असेल, तर उरलेले अंतर चार मीटर आहे. पावसाळ्यात खाणीत पाणी उभे राहत असेल तर तेवढेही नाही. चिरेखाणीची एक जमेची बाजू अशी की तिच्या भिंतीत सड्याचा उभा छेद फुकट पाहायला मिळतो. बोअर घेण्याआधी शेजारच्या चिरेखाणीत उतरून जांभा कुठे संपतो, मऊ माती कुठे लागते, नळ्या किती जाड आहेत हे पाहावे. त्यातून जी माहिती मिळते ती १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशातून कधीच मिळणार नाही. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर होतात; सड्याची अख्खी कड त्या एका रेघेखाली लपते.

तिसरी गोष्ट, दिशा. बहुतेक साधी मॉडेल प्रदूषणाचा पट्टा एकाच दिशेने नेतात. सड्याच्या मध्यावर भूजलाचा उंचवटा असतो आणि पाणी चारी बाजूंना उतरते. कचरा-जागा त्या उंचवट्यावर बसली असेल तर ‘प्रवाहाच्या वरच्या बाजूची विहीर’ अशी काही गोष्टच शिल्लक राहत नाही. अशा जागेसाठी प्रत्येक बाजूच्या झरीकडे किंवा विहिरीकडे जाणारी वाट वेगळी धरावी, तिचा उतार वेगळा काढावा, आणि एका जागेला एकाऐवजी दोन किंवा तीन संच द्यावेत. काम वाढते, पण एका गावाला सुरक्षित ठरवून दुसऱ्या गावाचा विचारच न करण्यापेक्षा हे बरे.

आता आकडे. पुढील मूल्ये उदाहरणादाखल घेतलेली आहेत. जांभ्याची जलवाहकता दिवसाला ५ मीटर, उतार ०.०१ आणि संपृक्त जाडी ६ मीटर धरली, तर एक मीटर रुंदीच्या पट्ट्यातून दिवसाला ०.३ घनमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ११० घनमीटर पाणी जाते. हे शक्य आहे का, ते पडताळून पाहता येते. राष्ट्रीय भूजल-मूल्यमापनाच्या पद्धतीत जांभ्यासाठी पावसाच्या ७ टक्के पुनर्भरण, म्हणजे मुरून भूजलाला मिळणारे पाणी, धरतात. वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर ते २१० मिलिमीटर होते. सड्याच्या माथ्यापासून कडेपर्यंतचे अंतर ६०० मीटर असेल, तर एक मीटर रुंदीच्या पट्ट्याला वर्षाला १२६ घनमीटर पाणी मिळते. ११० आणि १२६ हे जुळते. संच विश्वासार्ह आहे.

आता हीच मूल्ये सुटी सुटी उचलू. एका चांगल्या विहिरीवरून जलवाहकता २० मीटर घेतली, दुसऱ्या सड्याच्या कडेवरून उतार ०.०३ घेतला आणि जाडी ६ मीटरच ठेवली. प्रवाह होतो दिवसाला ३.६ घनमीटर, वर्षाला १,३१४ घनमीटर. एवढे पाणी पुरवायला सव्वासहा किलोमीटर लांबीचा सडा लागेल. सात टक्के हा आकडा सावध आहे आणि पावसाळ्यात जांभ्यातून झरींवाटे निघून जाणारे पाणी त्याहून अधिक असते, हे मान्य करून पुनर्भरण तिप्पट केले तरी पट्ट्याला ३७८ घनमीटरच मिळतात. म्हणजे असा जलधर त्या सड्यावर असू शकत नाही.

याचा परिणाम धोक्यावर कसा होतो ते पाहा. उघड्या कचऱ्यातून वर्षाला ०.५ मीटर लीचेट मुरते आणि प्रवाहाच्या दिशेने जागेची लांबी १५० मीटर आहे असे धरले, तर एक मीटर रुंदीला ७५ घनमीटर लीचेट होते. पहिल्या संचात ते ११० घनमीटर भूजलात मिसळते आणि सुमारे अडीचपट पातळ होते. दुसऱ्यात ते १,३१४ घनमीटरांत मिसळते आणि साडेअठरापट पातळ होते. एकच जागा, एकच कचरा. फक्त संच तोडला म्हणून विहिरीतील प्रमाण साडेसातपट कमी दिसू लागले. म्हणून नेमणूक झाल्यावर प्रत्येक संचासाठी हा पाण्याचा ताळा करावा, असा माझा आग्रह असतो. त्याला वही-पेन पुरते.

वेगाबद्दल एक सावधगिरी. वरच्या पहिल्या संचात परिणामी सच्छिद्रता (ज्या पोकळ्यांतून पाणी प्रत्यक्ष वाहते त्यांचा वाटा) ०.१ धरली तर पाण्याचा सरासरी वेग दिवसाला अर्धा मीटर येतो, आणि ३०० मीटरांवरच्या झरीपर्यंत पोचायला ६०० दिवस लागतात. नळ्यांतून जाणारे पाणी इतके थांबत नाही. मुसळधार पावसानंतर एक-दोन दिवसांत झर गढूळ होत असेल, तर तिथे सलग नळ्यांची वाट आहे असे समजावे आणि त्या जागेसाठी सच्छिद्रता एक-दोन शतांशापर्यंत खाली आणावी. झर गढूळ होते का, हे गावात कोणालाही विचारले तरी कळते. विहिरी उपसणाऱ्या माणसाला विचारले तर विहिरीत कोणत्या बाजूच्या भिंतीतून पाणी शिरते हेही कळते.

किनारी वाळूची परिस्थिती तुलनेने सरळ आहे आणि परदेशी संग्रहातील ‘किनारे’ हा गट तिथे बराचसा लागू पडतो. दक्षिण गोव्यात वेळसावपासून मोबोरपर्यंत वाळूचा सलग पट्टा आहे. तिथे पाणी उथळ, उतार अतिशय मंद, जलवाहकता चांगली. दिवसाला १५ मीटर जलवाहकता, ०.००२ उतार आणि ०.२५ सच्छिद्रता धरली तर वेग वर्षाला साधारण ४४ मीटर होतो. म्हणजे जांभ्याच्या मानाने पाणी सावकाश सरकते, पण असंपृक्त पट्टा जवळपास नसल्यामुळे वरून पडलेले थेट पाण्यात जाते. या पट्ट्यात मोठे कचराडेपो कमी आणि हॉटेलांमागचे, शॅकमागचे छोटे खड्डे जास्त आहेत. यादीत ते बहुधा आलेलेच नसतात. शिवाय घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळे नायट्रेट आधीच वाढलेले असते, त्यामुळे एकट्या नायट्रेटवरून कचऱ्याला दोषी ठरवता येत नाही.

खाजन जमिनींना स्वतंत्र परिस्थिती द्यावी. मांडवी, जुवारी, साळ आणि कुंभारजुव्याच्या कालव्याकाठची ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. बांध आणि मानस (भरतीचे पाणी अडवणारी दारे) यांच्यामुळे ती शेतीसाठी टिकते. वर चिकणमाती, खाली खारे किंवा मचूळ पाणी, आणि भूजलाचा उतार भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा उलटतो. इथे स्थिर उताराचे मॉडेल चालवण्यात अर्थ नाही. बांधाकडेला भराव म्हणून टाकलेल्या कचऱ्याचे लीचेट खाली जाण्यापेक्षा पोंयीत (बांधाआतल्या पाण्याच्या चरात), खाडीत आणि मासळीत जाण्याची शक्यता मोठी, म्हणून अशा जागांचा धोका भूजलाच्या रकान्यात न मांडता पृष्ठजलाच्या रकान्यात मांडावा. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यांना आणि सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यातील दख्खनच्या बेसॉल्टला परदेशी संग्रहातले गट पुरेसे आहेत. तिथे कचरा-जागाही थोड्या आहेत.

खाणपट्टा हा खरा अवघड भाग. डिचोली-सत्तरीपासून सांगे-केपेपर्यंत लोहखनिजाचा पट्टा वायव्य-आग्नेय दिशेने जातो. भुकटीसारखे मऊ लोहखनिज स्वतःच चांगला जलधर आहे, आणि त्याच्या वरखाली चिकणमाती व फिलाइट असल्याने ते पाणी दाबाखाली असते. खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्यावर वर्षानुवर्षे पंपाने पाणी उपसले जात होते, आणि आसपासच्या विहिरींची त्या काळातील नोंद या उपशाने खाली ओढलेली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले, नंतर काही काळ सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडले. उपसा थांबताच खाणी पाण्याने भरू लागल्या आणि पातळी वर आली. म्हणून खाणपट्ट्यातील कोणत्याही पातळीला तारीख लावल्याशिवाय ती वापरू नये. २००८ ची खोल पातळी आज धरली तर असंपृक्त पट्टा फुगवून दाखवला जाईल. आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर काम पुन्हा सुरू होऊन उपसा वाढला तर आजचा उतारही उलट दिशेला वळू शकेल. अशा जागांना ‘उपसा चालू’ आणि ‘उपसा बंद’ असे दोन संच द्यावेत आणि निकालही दोन्ही द्यावेत.

शंका असेल तिथे काय करायचे, हा प्रश्नाचा दुसरा भाग. समजा एखादी जागा सड्याच्या उतारावर आहे. तिच्याखाली जांभा आहे की घसरून आलेला गाळ, हे सांगता येत नाही. अशा वेळी दोन्हींची सरासरी मूल्ये घेतली तर तयार होणारी परिस्थिती जांभाही नसते आणि गाळही नसतो. त्याऐवजी जागेला दोन परिस्थिती वजनासह द्याव्यात: उदाहरणार्थ जांभा ०.७, उतारावरचा गाळ ०.३. मॉडेल शंभर वेळा चालले तर सत्तर वेळा जांभ्याच्या संचाने आणि तीस वेळा गाळाच्या संचाने चालेल. निकालाच्या आलेखात दोन शेंडे दिसले तर दिसू द्यावेत. ते दोन शेंडे हीच खरी माहिती आहे. वजन कशावरून दिले ते एका ओळीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्याला ते खोडता येईल. तेरावा ‘इतर’ गट किंवा राज्याची सरासरी मी केवळ अशा जागांसाठी ठेवतो, ज्यांचे स्थानच पक्के नाही. असे पुष्कळदा घडते: यादीत दिलेले अक्षांश-रेखांश कचऱ्याचे नसून पंचायत कार्यालयाचे किंवा प्रवेशद्वाराचे असतात. स्थान दुरुस्त करणे हे कोणत्याही मॉडेलपेक्षा स्वस्त आहे.

भूजल किती सहज दूषित होऊ शकते हे गुणांनी मोजणाऱ्या डीआरएएसटीआयसी या निर्देशांकाने हे काम भागेल का, असे बरेचजण विचारतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत सात घटकांना वजने आहेत: पातळीची खोली ५, पुनर्भरण ४, जलधराचे माध्यम ३, माती २, उतार १, असंपृक्त पट्टा ५, जलवाहकता ३. एकूण गुण २३ ते २३० या दरम्यान येतात. त्या गुणांवरून कोणती जागा आधी तपासावी हे ठरते, पण मॉडेलला लागणारे मीटर आणि दिवस त्यातून मिळत नाहीत. शिवाय त्यात सडा आणि सखल किनारा यांचे गुण जवळपास सारखे येऊ शकतात, जरी दोन्हीकडे पाणी अगदी वेगळ्या वाटेने जात असले तरी. किनाऱ्यावर उपशामुळे खारे पाणी शिरण्याचा प्रश्न जोडून येत असेल तर गोवा विद्यापीठातील चाचडी आणि पोर्तुगालमधील लोबो-फेरैरा यांनी मांडलेली गाल्डिट पद्धत अधिक उपयोगी आहे. ती बार्देशच्या किनाऱ्यावर वापरलीही गेली आहे. पण तिचा विषय समुद्राचे पाणी आहे, लीचेट नाही.

नियमांशी सांगड घालतानाही परिस्थिती महत्त्वाची ठरते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भरावभूमीच्या तळाशी दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई (दाट प्लास्टिकचे) आवरण आणि त्याखाली ९० सेंटिमीटर मातीचा थर सांगितला होता, ज्याची पारगम्यता सेकंदाला १×१०⁻⁷ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. आणि भूजलाची सर्वोच्च पातळी त्या थराच्या तळापासून किमान दोन मीटर खाली असावी, असेही त्यांत होते. ‘सर्वोच्च’ हा शब्द गोव्यात जुलै-ऑगस्टलाच लागू होतो. मे महिन्यात मोजलेल्या पातळीवर दोन मीटरांचे अंतर दाखवणारा अहवाल माझ्या दृष्टीने अपुरा आहे, मग त्यावर कोणाचीही सही असो. जुन्या डेपोंना तर आवरणच नाही. त्यांच्यासाठी मॉडेलमध्ये मातीचा थर धरू नये. लिथोमार्ज आहे म्हणून आपोआप आवरण आहे असे मानणेही योग्य नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे पाणी तिच्यापर्यंत पोचून आडवे वळते. खालच्या खडकाचे रक्षण ती करते. पायथ्याच्या झरीचे नाही.

निकाल प्रत्यक्ष पाण्याशी ताडून पाहताना जांभ्याच्या पाण्यात लोह आणि मँगनीज नैसर्गिकरीत्याच असू शकते, हे ध्यानात ठेवावे. पावसाच्या पाण्याने भरलेल्या सड्यावरच्या विहिरीत क्लोराइड मात्र मुळात कमी असते, म्हणून तिथे क्लोराइड, अमोनिया आणि विद्युतवाहकता यांची वाढ लीचेटची अधिक विश्वसनीय खूण आहे. खाजनात आणि किनाऱ्यावर क्लोराइडचा काहीच उपयोग नाही. तिथे अमोनिया आणि बोरॉनकडे पाहावे, आणि बोरॉनसाठीही समुद्राच्या पाण्याचा वाटा वजा करावा लागतो.

पैसे आणि वेळ थोडे असतील, आणि ते थोडेच असतात, तर क्रम असा ठेवावा. प्रथम सर्व जागांची स्थाने उपग्रहचित्रावर तपासून कचऱ्याची हद्द आखून घ्यावी. मग प्रत्येक जागेभोवती पाचशे मीटरांतील विहिरी, झरी, तळी आणि चिरेखाणी नोंदवाव्यात. सड्यावरच्या जागेसाठी हे अंतर पायथ्याच्या झरींपर्यंत वाढवावे. जिथे तीन विहिरी मिळतील तिथे त्यांच्या कठड्यांची उंची लेव्हलने काढून ऑगस्टमध्ये एकाच दिवशी पातळी मोजावी. तीन बिंदूंवरून उतार आणि दिशा दोन्ही निघतात. त्यानंतर परिस्थिती नेमावी, संच द्यावा आणि पाण्याचा ताळा करावा. बोअर घ्यायचे ते सगळ्यांत शेवटी, आणि ते सर्वांत मोठ्या डेपोवर घेण्याऐवजी ज्या जागेचे दोन शेंडे एकमेकांपासून सर्वांत दूर आहेत आणि खाली लोक ज्या झरीचे पाणी पितात, तिथे घ्यावेत. त्या बोअरमध्ये जांभा आणि मूळ खडक यांच्या जाळ्या, म्हणजे नळीत पाणी आत घेणारे छिद्रांचे भाग, वेगळ्या ठेवाव्यात. दोन्ही एकाच नळीत उघडल्या तर वरचे दूषित पाणी खाली नेणारी वाट आपणच तयार करून ठेवू.